डांग्यांची पत्रं : एका फॉरवर्डच्या मागे जाताना

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्यात, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

रत्नागिरीत आज पाऊस जोरात आहे, पत्र्यावरचा आवाज मधेमधे येईल, तेवढा सांभाळून घ्या.

आजचा विषय एका श्रोत्यामुळे आला. त्याने मला व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड पाठवला. वर लाल अक्षरात मथळा, खाली इंग्रजीत टाइप केलेलं एक पत्र, आणि शेवटी नाव : श्रीपाद अमृत डांगे. श्रोत्याचा प्रश्न दोनच शब्दांचा होता. 'खरंय का?'

मी लगेच 'हो' किंवा 'नाही' लिहू शकलो असतो. पण या प्रश्नापायी १९६४ साली देशातला एक अख्खा पक्ष फुटला. साठ वर्षं झाली, तरी त्यावर सगळ्यांना मान्य होईल असं उत्तर नाही. तेव्हा दोन शब्दांच्या प्रश्नाला जरा लांबलचक उत्तर देतो.

आधी डांगे कोण? शाळेच्या पुस्तकात संयुक्त महाराष्ट्राच्या धड्यात अत्रे, एसेम जोशी यांच्याबरोबर नाव येतं, तेच हे. जन्म नाशिकचा, १८९९ चा. १९२१ मध्ये, म्हणजे वयाच्या बावीसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारं छोटं इंग्रजी पुस्तक लिहिलं. १९२२ मध्ये मुंबईतून 'सोशालिस्ट' नावाचं साप्ताहिक काढलं. पुढे गिरणी कामगारांचे पुढारी, १९५७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर. आपल्याकडच्या ज्या घरांतली माणसं लालबाग-परळला गिरणीत होती आणि गावाला मनिऑर्डर पाठवायची, त्या घरांत हे नाव पुस्तकाच्या आधीच पोचलेलं होतं.

आता १९२० च्या दशकात या. रशियात क्रांती होऊन पाच-सहा वर्षं झालीत आणि ब्रिटिश सरकारला सगळीकडे बोल्शेविक दिसतायत. बर्लिनमध्ये मानवेंद्रनाथ रॉय बसलेत. तिथून ते मुंबई, कलकत्ता, मद्रास इथल्या तरुणांना पत्रं लिहितायत. टोपणनावं वापरायची, तिसऱ्याच माणसाच्या पत्त्यावर पाठवायची, असा सगळा मामला. आणि वाटेत सरकारचा गुप्तचर विभाग ती पाकिटं उघडतोय, नक्कल करून घेतोय, परत चिकटवतोय आणि पुढे जाऊ देतोय. पत्र पोचतं, उत्तर येतं, तेही उघडलं जातं. लिहिणाऱ्याला वाटतं आपण फार हुशारी केली.

हे बेकायदा नव्हतं बरं का. १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा होता आणि त्याच्या कलम २६ मध्ये सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली टपाल अडवायची सोय होती. (थोडं विषयांतर : स्वातंत्र्यानंतरही हे कलम चालूच राहिलं. १९८६ मध्ये ते आणखी रुंद करणारं विधेयक संसदेने मंजूर केलं, तर राष्ट्रपती झैलसिंगांनी त्यावर सहीच केली नाही. २०२३ मध्ये नवा कायदा आला, त्यातही टपाल अडवायचा अधिकार आहेच. आपण फोनच्या टॅपिंगबद्दल एवढं बोलतो, पाकिटाबद्दल कोणी बोलत नाही.)

साठलेल्या या पत्रांवर सरकारने १९२४ मध्ये कानपूरला खटला भरला. कानपूर बोल्शेविक कट खटला. डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता या चौघांना मे महिन्यात प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. कलम होतं १२१-अ, कटाचं. याची गंमत म्हणा की भीती म्हणा, अशी की कटाच्या कलमाला बॉम्ब लागत नाही, बंदूक लागत नाही. दोन माणसांचं ठरलं एवढं दाखवलं की झालं. आणि ठरलं हे दाखवायला पत्रासारखा दुसरा पुरावा नाही. चौघांना आत टाकायला बरीचशी त्यांची स्वतःची शाईच पुरली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये काय झालं तेही ऐका, कारण आपल्या गोष्टीला ते लागून आहे. तिथे पहिल्यांदाच मजूर पक्षाचं सरकार होतं. ऑक्टोबरमध्ये निवडणूक. मतदानाच्या चार दिवस आधी 'डेली मेल'ने एक पत्र छापलं : मॉस्कोहून झिनोव्हिएव्हने ब्रिटनमधल्या कम्युनिस्टांना लिहिलेलं, चिथावणी देणारं. मजूर पक्ष निवडणूक हरला. पत्र बनावट होतं, असंच आज बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे एकाच वर्षात एकीकडे खऱ्या पत्रांवरून माणसं तुरुंगात गेली आणि दुसरीकडे खोट्या पत्राने निवडणुकीत धुरळा उडवला. १९२४ नंतर कम्युनिस्टाचं पत्र सापडलं असं कोणी म्हटलं की दोन्ही शक्यता खुल्या राहतात.

आता चाळीस वर्षं पुढे. मार्च १९६४.

मुंबईत 'करंट' नावाचं इंग्रजी साप्ताहिक निघायचं. संपादक डी. एफ. कराका, ऑक्सफर्डला शिकलेले, युद्धवार्ताहर म्हणून नाव कमावलेले, आणि कम्युनिस्टांचे कट्टर विरोधक. या साप्ताहिकाने बातमी छापली की दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डांग्यांची १९२४ ची पत्रं आहेत. शिक्षा झाल्यावर तुरुंगातून सरकारला लिहिलेली. मजकुराचा सारांश असा : मला सोडा, त्या बदल्यात मी सरकारच्या उपयोगी पडेन.

डांगे तेव्हा भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष होते.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. १९६२ ला चीनशी युद्ध झालेलं. कम्युनिस्ट म्हणजे चीनचा हस्तक, असं वातावरण. भारत संरक्षण नियमांखाली कित्येक कम्युनिस्ट तुरुंगात जाऊन आलेले. डांग्यांनी चीनचा उघड निषेध केलेला, त्यामुळे पक्षातलाच एक गट त्यांच्यावर खार खाऊन. तिकडे अमेरिकेत सिनेटर मॅकार्थीचा काळ दहा वर्षांपूर्वी संपला होता, पण त्याने घालून दिलेली रीत जगभर पसरलेली : कागद हवेत फडकवायचा, आत काय आहे ते नंतर बघू. १९५४ च्या सुनावणीत मॅकार्थीने एफबीआयचे प्रमुख हूव्हर यांचं म्हणून सव्वादोन पानांचं एक पत्र काढलं. हूव्हरनी कळवलं, हे मी लिहिलेलंच नाही. मग निघालं की पंधरा पानांच्या खऱ्या टिपणातला मजकूर उचलून ते पत्र तयार झालं होतं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण ते धड खरंही नाही आणि धड खोटंही नाही. आपल्या फोनवर येणारे निम्मे कागद याच जातीचे असतात.

आपल्याकडेही कम्युनिस्टांचे कागद छापण्याचा एक उद्योग होताच. मुंबईत मिनू मसानींच्या पुढाकाराने चालणाऱ्या डेमोक्रॅटिक रिसर्च सर्व्हिसने १९५४ मध्ये पक्षाच्या मदुराई अधिवेशनातली गुप्त कागदपत्रं पुस्तकरूपाने छापली होती. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम ही आंतरराष्ट्रीय संस्थाही इथे काम करत होती. आपल्या लांज्याचे लेखक प्रभाकर पाध्ये तिच्या कामात होते. या संस्थेला सीआयएचा पैसा येत होता हे १९६६-६७ मध्ये उघड झालं. इथल्या कोणाला ते किती ठाऊक होतं, हा वेगळा वाद. सांगायचं इतकंच की पत्रं छापून आली ती अशा बाजारात.

आता खरी गंमत. 'करंट'ने बार काढला तो कम्युनिस्टांना बदनाम करायला. पण तो उचलून धरला कम्युनिस्टांनीच! पक्षाच्या सचिवमंडळाने पत्रं बनावट आहेत असं निवेदन काढलं. डांगे म्हणाले, ही पक्ष फोडण्यासाठी केलेली बनवाबनवी आहे. विरोधी गट म्हणाला, मग चौकशी करा, आणि चौकशीच्या चर्चेला डांगे स्वतः अध्यक्षस्थानी कसे बसतात? एप्रिलमध्ये दिल्लीत राष्ट्रीय परिषदेची बैठक झाली, त्यात खुर्चीचा हा वाद पेटला आणि ११ एप्रिलला ३२ सभासद उठून बाहेर पडले. नंबुद्रिपाद, ज्योती बसू, सुंदरय्या, गोपालन असे लोक त्यात होते. त्याच वर्षाच्या अखेरीला कलकत्त्यात त्यांचं वेगळं अधिवेशन झालं. आज आपण ज्याला माकप म्हणतो तो पक्ष इथून सुरू होतो.

आता कोणी म्हणेल, दोन पत्रांवरून पक्ष फुटला. माझं मत विचाराल तर नाही. चीन की रशिया, काँग्रेसशी दोस्ती की दुष्मनी, हे भांडण कित्येक वर्षं चालू होतं. घर पडायलाच आलं होतं, पत्रांनी शेवटचा वासा काढला. पण पत्रं नसती तर वेगळं व्हायला दुसरं निमित्त शोधावं लागलं असतं, आणि धोरणाच्या वादात माणसं एकमेकांशी निदान बोलत राहतात. 'तू इंग्रजांचा हस्तक होतास' म्हटल्यावर बोलणं संपतं.

मग पत्रं खरी की खोटी?

खरी मानणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे. कागद सरकारी दफ्तरात, त्या काळच्या फायलीत सापडले. इंग्रजांना डांग्यांना बदनामच करायचं होतं, तर खोटी पत्रं बनवून चाळीस वर्षं फायलीत पुरून कशाला ठेवतील? तेव्हाच नसती का छापली? हा मुद्दा मला वजनदार वाटतो. कानपूर खटल्यात डांग्यांबरोबर शिक्षा झालेले मुझफ्फर अहमद हेही पत्रं खरी मानत, आणि त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात तसं लिहिलंय. पण फुटीत ते डांग्यांच्या विरुद्ध बाजूला होते, हेही विसरू नका.

खोटी मानणारे म्हणतात, डांग्यांना मिळालं काय ते बघा. मुझफ्फर अहमद क्षयामुळे १९२५ मध्येच सुटले. डांगे १९२७ पर्यंत आत होते. बाहेर येऊन त्यांनी १९२८ चा गिरण्यांचा मोठा संप लढवला. १९२९ मध्ये मीरत कटात परत अटक, आणि १९३३ मध्ये बारा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. अपिलात ती कमी झाली, पण सरकार आपल्या हस्तकाला असं वागवतं का? यावर दुसरी बाजू म्हणते, अहो, सरकारने मागणी मानली नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं. मागणी केलीच नाही, हे कुठे सिद्ध होतं? पक्षाने चौकशी नेमली, तिच्यातही एकमत झालं नाही.

म्हणजे इथे दोन प्रश्न एकात मिसळलेत. एक, चोवीस-पंचवीस वर्षांच्या कैद्याने हे लिहिलं का? दोन, लिहिलं असलं तर त्याने पुढे काय केलं? पहिल्याचं उत्तर फायलीत शोधावं लागेल. दुसऱ्याचं उत्तर मुंबईच्या गिरण्यांत आणि मीरतच्या कोर्टात उघड्यावर आहे.

रत्नागिरीत बसून हे बोलताना दुसरं नाव न घेता पुढे जाणं अप्रामाणिक होईल. त्याच १९२४ च्या जानेवारीत सावरकर येरवड्याहून अटींवर सुटले आणि रत्नागिरीत स्थानबद्ध झाले. जिल्हा सोडायचा नाही, राजकारणात भाग घ्यायचा नाही. त्यांचे अर्जही आज आपल्या फोनवर रोज फिरतात. पण दोन प्रकरणांत फरक आहे. सावरकरांनी अर्ज केले हे कोणी नाकारत नाही, भांडण आहे ते अर्थावरून : डावपेच की शरणागती. डांग्यांच्या बाबतीत कागदच खरा की खोटा इथून सुरुवात आहे. मी गंमत बघितलीय, एकाच ग्रुपवर एकच माणूस एका कैद्याच्या पत्राला 'डावपेच' म्हणतो आणि दुसऱ्याच्या पत्राला 'गद्दारी'. आणि समोरचा बरोब्बर उलटं. दोघांनीही मूळ पत्र वाचलेलं नसतं.

१९२४ च्या तुरुंगातला कैदी सरकारला पत्र लिहितो तेव्हा ते तुरुंगाधिकाऱ्याच्या हातातून जातं, तो वाचतो, पुढे पाठवतो, वरचा अधिकारी समासात शेरा मारतो, मग ते फायलीत जातं. त्यामुळे नुसतं पत्र वाचून भागत नाही. त्याच्या आगेमागे काय लावलंय, शेरा कोणाचा, उत्तर काय गेलं, हे सगळं मिळून तो कागद बोलतो. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच कापलेलं असतं. मजकूर राहतो, फाईल जाते.

डांग्यांचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. ते उरलेल्या पक्षाचे अध्यक्ष राहिले. आणीबाणीत इंदिरा गांधींना पाठिंबा दिला आणि नंतरही तीच भूमिका धरून बसले. १९८१ मध्ये त्याच पक्षाने त्यांना काढून टाकलं. मे १९९१ मध्ये मुंबईत वारले. पत्रं आपली नाहीत, हे म्हणणं त्यांनी सोडलं नाही.

तर, त्या श्रोत्याला मी काय लिहिलं? लिहिलं की तू पाठवलेला मजकूर कोणीतरी नव्याने टाइप केलेला आहे. त्यावर फायलीचा क्रमांक नाही, तारीख नाही, पहिल्या ओळीआधी 'सर' आहे की आणखी काही तेही दिसत नाही. ज्याने तुला पाठवलं त्याला मूळ पानाचा फोटो माग.

काल त्याचं उत्तर आलं. म्हणाला, 'दादा, त्याला विचारलं. तो म्हणतो त्यालापण असंच आलं.'