उघडे आभाळ अन् गारठलेला ऊस

पौषात संग्रामपूरकडे दुपारी पारा 28-30 अंशांवर असतो अन् पहाटे 12-13 वर उतरतो. लाट आली की 10 च्याही खाली. याचा अंदाज आदल्या रात्री आभाळाकडे पाहूनच येतो. जेवण आटोपून बांधावर या. पूर्वेला मृग, त्याखाली व्याध, माथ्यावर कृत्तिकांचा पुंजका लखलखीत दिसला अन् वारा पडलेला असला, तर पहाट कडाक्याची समजा. ढग म्हणजे जमिनीची गोधडी. ती नसली की दिवसाची ऊब सरळ वर निघून जाते. त्यात सातपुड्याच्या उतारावरून गार, जड हवा खोलगट रानात येऊन साचते. नाल्याकाठचा ऊस आधी गारठतो तो यामुळेच.

तोडणीच्या उसाला ही थंडी मानवते, साखर भरते. घोर आहे तो कोवळ्या लागणीचा अन् खोडव्याचा. जमीन 20 अंशांखाली गेली की डोळे फुटता फुटत नाहीत. अशा वेळी संध्याकाळी विहिरीचे हलके ओलीत करावे. ते पाणी रात्रीच्या हवेपेक्षा कोमट असते, शिवाय ओली जमीन ऊब धरते. तुडुंब भरणे मात्र आम्हांस पटत नाही, काळ्या रानात मुळ्या गुदमरतात. सुरूची लागण राहिली असेल तर लाट ओसरू द्या; 15 फेब्रुवारीपर्यंत सवड आहे.