मोरीचा वास

गिरगाव-लालबागच्या चाळींत वाढलेल्या आम्हा मंडळींना मोरीची ओळख करून द्यायला नको. भांडी तिथेच, आंघोळ तिथेच, बाजारची मासळीही तिथेच धुवायची. वास सुटला की घरोघर फिनेल ओतले जाते. पण वास अडवते ते फिनेल नव्हे, साधे पाणी! जाळीखालच्या खोलगट वाकणाला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. (शब्द आपल्या न्हाणीचाच.) त्यात दोनेक इंच पाणी सदैव साचून राहते आणि गटारातला वायू खालीच अडतो. मे महिन्यात बिऱ्हाड कोकणात गेले की हे पाणी आटते. परतल्यावर दार उघडताच येणारा दर्प त्याचाच. दोन तांबे पाणी ओतावे, काम झाले.

दुसरा वास तेलकटाचा. नळात चिकटलेले खरकटे कुजून त्यातून गंधकयुक्त वायू सुटतो. म्हणून ताटे आधी निपटून खरकटे डब्यात टाकावे आणि आठवड्यातून एकदा धुण्याच्या सोड्याचे कढत पाणी सोडावे. अ‍ॅसिड मात्र मी कुणाला सांगणार नाही. जुने बिडाचे नळ त्याने झिजतात. शिवाय उभा नळ साऱ्या मजल्यांना एकच. तिसऱ्या मजल्यावरचा भात वर येतो तो तळमजल्यावरच्या काकूंच्या मोरीत, आणि मग भांडण जिन्यात!