कोणी उघडून ठेवलंय हे रेकॉर्ड?

दोस्तांनो, मार्चअखेरची दुपार डोळ्यांपुढे आणा. तुम्ही नगरमधल्या एखाद्या पतसंस्थेत इंटर्नशिपला आहात. काउंटरवर रांग लागलीय. एका सभासदाचं खातं उघडायला जाता आणि स्क्रीनवर मेसेज झळकतो, ‘रेकॉर्ड इज इन यूज बाय अनदर यूजर’. पुन्हा एंटर, पुन्हा तेच. मागून कोणीतरी ओरडतं, ‘‘सर्व्हर रीस्टार्ट कर रे!’’

थांबा. आधी हा मेसेज काय सांगतोय ते समजून घ्या.

कुलूप कशाला?

समजा, बापलेकाचं संयुक्त खातं आहे. शिल्लक १०,००० रुपये. एका काउंटरवर वडील ३,००० भरतायत, त्याच मिनिटाला दुसऱ्या काउंटरवर मुलगा २,००० काढतोय. दोन्ही कॉम्प्युटरनी शिल्लक वाचली १०,०००. पहिल्याने १३,००० लिहिले. दुसऱ्याच्या हातात जुनाच आकडा, त्याने त्यावर ८,००० लिहिले. खरी शिल्लक हवी ११,०००. वडिलांचे ३,००० गेले कुठे? चोरी कोणीच केली नाही!

हे होऊ नये म्हणून सॉफ्टवेअर रेकॉर्डला कुलूप लावतं. पहिल्याचं काम संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. या कुलपांचं शास्त्र १९७०च्या दशकात ‘आयबीएम’मध्ये जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्कं बांधलं. ग्रे यांना १९९८चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं.

आपला जिल्हा तर सहकाराचा. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०मध्ये इथेच, लोणीत सुरू झाला. कारखाना असो, दूध संघ असो की पतसंस्था, एकाच सभासदाच्या नोंदीवर अनेकांचे हात असतात. ती चुकली तर फटका बसतो त्याच्या बिलाला. त्यामुळे लॉक हा बिघाड नाही, तो पहारेकरी आहे. बिघाड तेव्हा, जेव्हा काम संपूनही कुलूप निघत नाही.

मग करायचं काय?

१. अर्धा मिनिट थांबा, पुन्हा प्रयत्न करा. बहुतेक कुलपं आपोआप निघतात.

२. ऑफिसात विचारा, ‘‘हे खातं कोणाकडे उघडंय?’’ बऱ्याचदा कोणीतरी एंट्री अर्धी सोडून चहाला गेलेलं असतं.

३. एखादा पीसी हँग झालाय का, लाइट जाऊन बंद पडलाय का, ते बघा. सर्व्हरला तो अजून कामावरच आहे असं वाटत राहतं. सर्व्हर विंडोजचा असेल, तर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली ‘ओपन फाइल्स’ उघडा. कोणती फाइल कोणाच्या नावावर अडकलीय ते दिसतं. पण ती जबरदस्तीने बंद करण्याआधी साहेबांना विचारा, सगळ्यांना बाहेर पडायला सांगा आणि बॅकअप घ्या.

४. ‘अॅक्सेस’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाशेजारी छोटी लॉक फाइल तयार होते. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती एरवी आपोआप जाते. कोणी आत असताना ती डिलीट करायला जाऊ नका. ते पहारेकऱ्यालाच हाकलणं झालं.

५. एरर रोज ठरावीक वेळीच येतो? मग त्या वेळी बॅकअप किंवा अँटिव्हायरस चालतो का ते तपासा. आणि शेअर फोल्डरमधला डेटा वाय-फायवरून वापरू नका, केबल लावा. मध्येच कनेक्शन तुटलं, तर कुलूप अडकतं आणि फाइलही बिघडू शकते.

कधी दोघं एकमेकांत अडकतात. तुमच्याकडचं रेकॉर्ड त्याला हवं, त्याच्याकडचं तुम्हाला. याला म्हणतात डेडलॉक. मोठे डेटाबेस हे ओळखतात आणि दोघांपैकी एकाचा व्यवहार रद्द करतात. तो पुन्हा करायचा, एवढंच.

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरवाल्यांनो, उद्या तुम्ही असं सॉफ्टवेअर लिहाल, तेव्हा एक लक्षात ठेवा. माणूस स्क्रीनकडे बघत विचार करतोय तोवर कुलूप धरून ठेवू नका. सेव्ह करतानाच ते लावा, त्या क्षणी शिल्लक पुन्हा वाचा आणि लगेच सोडा. ‘हे रेकॉर्ड अमक्या टेबलावर उघडं आहे’ एवढं मेसेजमध्ये दिलंत, तरी ऑफिसातली आरडाओरड थांबेल.

आणि बीकॉमवाल्यांनो, तुमच्यासाठी तर त्याहून सोपं. चहाला उठण्याआधी एंट्री सेव्ह करा किंवा एस्केप दाबा. रांगेत उभा असलेला माणूस तुमच्याच कुलपापाशी खोळंबलेला असू शकतो.