दुसरी गाडी कोणाच्या पैशावर?

शार्लटहून उत्तरेला मूर्सव्हिलकडे निघालो की ७७ क्रमांकाच्या महामार्गावर रंगीबेरंगी, अवाढव्य ट्रक हमखास दिसतात. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचे बहुतेक संघ याच पट्ट्यात वसलेले आहेत. बँका आणि संगणक कंपन्यांमुळे येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी फारच थोडी या खेळाकडे वळतात. तीन-साडेतीन तास डावीकडे वळत राहणाऱ्या गाड्या पाहायच्या तरी कशाला, हा त्यांचा प्रश्न मलाही अनेक वर्षे पडत असे. शर्यतीपेक्षा तिच्यामागील अर्थकारणाने मला अधिक खिळवून ठेवले, हे येथे कबूल केलेले बरे. या अर्थकारणातील सर्वांत अवघड प्रश्न कोणत्याही लघुउद्योजकाला ओळखीचा वाटेल : एक गाडी बऱ्यापैकी धावते आहे, आता दुसरी उतरवावी का?

नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत, म्हणजे कप सिरीजमध्ये, हेंड्रिक आणि जो गिब्स यांच्यासारख्या मोठ्या संघांच्या प्रत्येकी चार गाड्या असतात. एकाच गाडीच्या संघाला त्यांच्याशी झुंजायचे असते. सरावाला आता बहुतेक ठिकाणी अर्धा तासही मिळत नाही. तेवढ्या वेळात चार गाड्यांचा संघ स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर आणि टायरमधील हवेचा दाब यांच्या चार वेगवेगळ्या जुळण्या अजमावून पाहतो, आणि संध्याकाळी चारही क्रू चीफ एका टेबलाशी बसतात. एकट्या गाडीच्या क्रू चीफला ताडून पाहायला दुसरे काहीच नसते. डेटोना आणि टॅलाडेगा येथे गाड्या एकमेकींच्या मागे हवेचा आडोसा धरून धावतात, तेथे मागून ढकलणारा आपल्या घरचा असला तर शेवटच्या फेरीत फार फरक पडतो.

हा लाभ पूर्वीइतका मात्र राहिलेला नाही. प्रत्येक गाडीचा वेग, ब्रेक, थ्रॉटल आणि स्टिअरिंग यांची माहिती आता सर्वच संघांना पाहता येते. २०२२ मध्ये आलेल्या नव्या गाडीचे सांगाडे आणि बरेचसे सुटे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. त्यामुळे स्वतःच्या कारखान्यात गुपचूप काही घडवून पुढे जाण्याला फारसा वाव उरलेला नाही. राहते ती गाडीच्या जुळणीची खासगी माहिती. ती मोठ्या संघाशी तांत्रिक करार करून विकतही घेता येते. व्हर्जिनियातील वुड ब्रदर्स हा १९५० पासूनचा संघ पेन्स्कीशी अशीच भागीदारी ठेवून दीर्घकाळ एका गाडीवर उभा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डेटोनाला त्यांनी आपला शंभरावा विजय मिळवला.

आता खर्चाकडे पाहू. दुसरी गाडी घेतल्यावर खर्च दुप्पट होत नाही, कारण इमारत, यंत्रे, कार्यालय आणि तांत्रिक कराराची रक्कम दोन गाड्यांत विभागली जाते. विस्ताराच्या बाजूने सर्वांत जोरकस युक्तिवाद हाच असतो आणि तो खोटा नाही. पण प्रत्यक्ष धावण्याचा खर्च विभागला जात नाही. भाड्याने घेतलेले इंजिन, टायर, पिट क्रू, स्पॉटर, वाहतुकीचा ट्रक, हॉटेल आणि विमानप्रवास हे सारे गाडीमागे वेगळे लागते. एका क्रमांकासाठी सात सांगाड्यांची मर्यादा आहे. दुसरा क्रमांक आला की सांगाड्यांचा तो ताफाही नव्याने उभारावा लागतो.

डिसेंबर २०२५ मध्ये शार्लटच्या न्यायालयात या खर्चाचे आकडे उघड झाले. मायकेल जॉर्डन सहमालक असलेला ट्वेंटीथ्री इलेव्हन आणि फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स या दोन संघांनी नॅसकारविरुद्ध मक्तेदारीचा दावा लावला होता. जॉर्डन यांचे भागीदार डेनी हॅमलिन यांनी साक्षीत सांगितले, की एक गाडी हंगामातील सर्व ३८ शर्यतींना नेण्यास सुमारे २ कोटी डॉलर लागतात आणि त्यात संस्थेचा कायमस्वरूपी खर्च धरलेला नाही. उलट बाजूने, सनदधारक गाडीला नॅसकारकडून मिळणारे हमीचे उत्पन्न होते सुमारे सव्वा कोटी. म्हणजे गाडी रस्त्यावर आणताच पाऊण कोटी डॉलरचा खड्डा पडतो. तो भरतो प्रायोजक. फ्रंट रोच्या मालकांनी २०२१ ची डेटोना ५०० शर्यत जिंकूनही आजवर सुमारे १० कोटी डॉलर गमावल्याची साक्ष दिली. दुसरी गाडी हा खड्डा बुजवत नाही, शेजारी दुसरा खणते. दुसऱ्या खड्ड्यासाठी स्वतंत्र प्रायोजक नसेल तर पहिल्या गाडीचे पैसे आणि, त्याहून वाईट म्हणजे, तिची उत्तम माणसे तिकडे वळतात. मग एक बरी गाडी जाऊन दोन सुमार गाड्या उरतात.

जेटीजी डॉगर्टी या संघाने २०१७ मध्ये एकाच्या दोन गाड्या केल्या. २०२२ मध्ये तो पुन्हा एका गाडीवर आला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत रिकी स्टेनहाऊस ज्युनियरने त्यांना डेटोना ५०० जिंकून दिली. डेटोनाला नशिबाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण गाडी कमी करणे म्हणजे माघार, हा समज त्याने खोडला.

मला अधिक बोलके वाटते ते फर्निचर रो रेसिंगचे उदाहरण. फर्निचर दुकानांचे मालक बार्नी व्हिसर यांनी हा संघ शार्लटपासून सुमारे दीड हजार मैलांवर, कोलोरॅडोतील डेन्व्हरमध्ये उभारला. तेथे राहायला येणारा कुशल मेकॅनिक शोधणे हेच एक दिव्य. तरीही २०१३ मध्ये विजेतेपदाच्या अंतिम फेऱ्यांत पोहोचणारा तो पहिला एकगाडी संघ ठरला. पुढे त्याने गिब्स संघाशी तांत्रिक करार केला आणि २०१७ साठी दुसरी गाडी घेतली, क्रमांक ७७. तिच्यावर होता गिब्स यांचाच तरुण चालक एरिक जोन्स, आणि तिला स्वतंत्र प्रायोजकही होता. त्या वर्षी पहिल्या गाडीवर मार्टिन ट्रूएक्स ज्युनियरने आठ शर्यती आणि अजिंक्यपद जिंकले. दुसऱ्या गाडीने पहिलीला इजा केली नाही, एवढे नक्की. मदत किती केली, हे सांगणे कठीण.

जोन्स २०१८ साठी गिब्सकडे परतला आणि ती गाडी बंद झाली. तिचा प्रायोजक ट्रूएक्सच्या गाडीकडे आला, पण त्यानेही हंगामाअखेर निघून जाण्याचे जाहीर केले. तांत्रिक कराराचा वाढता खर्च आता एकाच गाडीवर होता. सप्टेंबर २०१८ मध्ये, अजिंक्यपद हाती असताना, व्हिसर यांनी संघ बंद करण्याचा निर्णय घोषित केला. त्या हंगामात ट्रूएक्स दुसरा आला. जगज्जेता संघ वर्षभरात मिटतो, यावर क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मनाचा विश्वास बसत नाही.

या हिशेबात आता एक नवी रक्कम आली आहे. २०१६ पासून ३६ सनदा, म्हणजे चार्टर, अस्तित्वात आहेत. सनद असली की प्रत्येक शर्यतीत जागा आणि उत्पन्नातील वाटा पक्का. नसलेल्यांना उरलेल्या मोजक्या जागांसाठी झगडावे लागते. २०१८ मध्ये दिवाळखोर बीके रेसिंग संघ सनदेसह जेमतेम २१ लाख डॉलरना विकला गेला. २०२३ मध्ये एका सनदेसाठी स्पायर मोटरस्पोर्ट्सने सुमारे ४ कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त आले. डिसेंबरमधील खटला तडजोडीने मिटला आणि सनदा कायमस्वरूपी झाल्या. त्यामुळे दुसरी गाडी तोट्यात धावली तरी तिच्याखालची सनद जमिनीसारखी वाढेल, असा विचार काही मालक करू लागले आहेत. तो चुकीचा नाही, पण त्यासाठी खोल खिसा लागतो. जमीन पडून राहिली तरी चालते, सनदेवर मात्र प्रत्येक शर्यतीला गाडी उतरवावीच लागते. ज्याच्याकडे पुढील दोन-तीन हंगामांचा प्रायोजक लेखी करारात बांधलेला नाही, त्या छोट्या मालकाने माझ्या मते एकाच गाडीवर राहावे आणि जास्तीचा पैसा एका चांगल्या अभियंत्यावर खर्च करावा.

फर्निचर रोची सनद स्पायरने विकत घेतली. २०१९ मध्ये तिच्यावर या नव्या संघाची एकमेव गाडी उतरली आणि जुलैमध्ये डेटोनाला पावसाने अर्ध्यात थांबलेली शर्यत जिंकून गेली. स्पायरच्या आज तीन गाड्या धावतात. त्या पहिल्या गाडीचा क्रमांक होता ७७.