साहेब, आज तिथी कोणती?

दिवाळी आटोपली, की मुंबईच्या कंपन्यांना सहलीचे वेध लागतात. पूर्वी या प्रकाराला साधे नाव होते: ऑफिसची पिकनिक. हेडक्लार्क वर्गणी गोळा करी, कुणाची तरी मावशी पुऱ्या तळून देई आणि पहाटेच्या गाडीने मंडळी निघत. आता त्याला ‘कॉर्पोरेट इव्हेंट’ म्हणतात. वर्गणीच्या जागी अंदाजपत्रक आले, मावशीच्या जागी केटरर आला आणि हेडक्लार्कच्या जागी इव्हेंट मॅनेजर नावाचा एक तरतरीत तरुण आला. बेत मात्र अजून त्याच जुन्या कारणांनी फसतात.

मी डहाणूचा रहिवासी. त्यामुळे दर हिवाळ्यात दोन-चार कंपन्यांची माणसे काही ना काही विचारायला माझ्याकडे येतात. विचारायला येतात ती बहुधा सगळे ठरल्यावर. तारीख पक्की, निमंत्रणे रवाना, साहेबांची मंजुरी खिशात, मग प्रश्न येतो, “बाकी इथे सगळं ठीक आहे ना?” इथे सगळे ठीकच असते हो! चुकलेले असते ते तिकडे, वातानुकूलित खोलीत, घड्याळ आणि कॅलेंडर समोर ठेवून आखलेले वेळापत्रक.

आता भूगोलच घ्या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला, पण पुष्कळ मुंबईकरांच्या मनात अजून ‘विरारच्या पुढे’ एवढाच नकाशा आहे. त्यात डहाणू आणि तलासरी ही त्यांना दादर-माटुंग्यासारखी लागून-लागून वाटतात. एका कंपनीने तर तलासरीला खोल्या घेऊन निमंत्रणावर समुद्राचे चित्र छापले होते. तलासरी गाव अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या उंबरठ्यावर. तेथे रेल्वे स्टेशन नाही आणि खिडकीतून दिसतो तो डोंगर. डहाणू आणि बोर्डी किनाऱ्यावर. महामार्गाने येणाऱ्याने डहाणूसाठी चारोटी नाक्याला डावीकडे वळायचे, तलासरीसाठी सरळ पुढे जायचे. लोकल एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येऊ लागली खरी, पण ती तेथेच संपते. बोर्डी तेथून पुढे पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, आणि दोनशे माणसे एकदम उतरली तर स्टेशनबाहेरच्या रिक्षा पुरत नाहीत. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा असते. त्या दिवसांत महामार्गावर बसगाड्या घालणारा माणूस एक तर भाविक असावा किंवा अजाण.

पण खरी गंमत समुद्राची. आपल्याकडचा समुद्र उथळ. ओहोटीला पाणी इतके दूर जाते, की नवख्या माणसाला वाटावे, समुद्र आता परत येत नाही. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने चांदण्यातली मेजवानी ठरवली. चांदणे हवे म्हणून मुद्दाम पौर्णिमा धरलेली. संध्याकाळी पाच वाजता माणसे पाहणीला गेली, तो ओल्या वाळूचे विस्तीर्ण मैदान, सिमेंटसारखे घट्ट! कोरड्या वाळूत खुर्च्यांचे पाय रुततात म्हणून टेबले त्या घट्ट वाळूवर मांडली. पांढऱ्या चादरी, फुलदाण्या, एका बाजूला वाद्यवृंद. साडेआठला सूप आले आणि नऊच्या सुमारास पाणी आले. कोणाला लागले-खुपले नाही, पण नऊवारी नेसून हौसेने आलेल्या एका वृद्ध आईंना दोघांनी खुर्चीसकट उचलून आणावे लागले, आणि मीठपाण्यात गेलेल्या ध्वनिवर्धकाच्या भरपाईवरून ठेकेदाराशी पुढे बराच पत्रव्यवहार झाला असे ऐकतो.

आमच्या बाजूच्या कुठल्याही कोळणीने हे चार शब्दांत सांगितले असते. हिशेब सोपा आहे आणि पाठ करून ठेवण्यासारखा आहे. प्रतिपदेपासून तिथी मोजायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा पूर्ण भरतीचा, दिवसाचाही आणि रात्रीचाही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. तेथून सहा तास पुढे-मागे धरले की पूर्ण ओहोटी. थोडाफार फरक पडतो, पण बेत आखायला एवढे पुरे. शिवाय पौर्णिमा-अमावास्येची भरती सर्वांत मोठी, ‘उधाण’ म्हणतात ती. म्हणजे चांदणे सर्वांत सुंदर त्याच रात्री पाणीही सर्वांत वर. चांदण्यातले जेवण जरूर करावे, पण सुरूच्या झाडांपाशी.

चिकूचीही अशीच एक कथा. घोलवड-डहाणूचा चिकू नामांकित. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पाहुण्यांना ‘झाडावरून ताजा तोडलेला’ चिकू द्यायचा, ही कल्पना कागदावर फारच गोड दिसते. चिकू झाडावर पिकत नाही. कठीण असतानाच उतरवतात आणि मग काही दिवस ठेवून पिकवतात. ताज्या तोडलेल्या फळात चीक असतो. तो चावून ओठ चिकटलेले चार व्यवस्थापक मी पाहिले आहेत. त्या सायंकाळची भाषणे तेवढी आखूड झाली.

भाषणांचा विषय निघालाच आहे. सहलीला बायकामुलांना बोलावतात, ‘कौटुंबिक मेळावा’ म्हणतात, आणि मग तीन तास विक्रीचे आकडे ऐकवतात. बोर्डीला एका बंद सभागृहात पडदे ओढून, दिवे मालवून चाललेला असा एक प्रशिक्षणवर्ग मी दारातून पाहिला. मुले मागच्या रांगेत पेंगत होती. आणि गाव कोणते, तर बोर्डी! याच गावात १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्रामबालशिक्षाकेंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, असे त्या दोघींनी ठरवले. त्यातूनच अंगणवाडी आली. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरतात तेथे शाळा. शिंपले, बिया, पाने, खडे हेच शिक्षणाचे साहित्य. अशा गावी येऊन माणसे पडदे ओढून बसतात! कोसबाडला नेऊन त्या साऱ्यांना तासभर झाडाखाली बसवले असते, तर प्रशिक्षणाचा खर्चही वाचला असता.

रात्रीचे दहा ही आणखी एक अडचण. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. शहरात कोणी दाद लागू देत नसेल, येथे बागांमधून आवाज फार दूर जातो. डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली खास प्राधिकरण बसले. औष्णिक वीजकेंद्र सोडले, तर अवजड कारखाने येथे फारसे आले नाहीत ते त्यामुळे. ज्या शांततेसाठी तुम्ही पैसे मोजून येता, ती कोणी तरी भांडून राखलेली आहे.

आता सांगतो ती गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

हल्ली प्रत्येक मेळाव्यात ‘आदिवासी नृत्य’ असा एक कलम असतो. एका कंपनीने जवळच्या पाड्यावरून तारपा नाचाची मंडळी बोलावली. वीसएक बायकापुरुष, सहाची वेळ दिलेली. ती पाचलाच आली. त्यांना स्वयंपाकाच्या मांडवामागे, भांडी धुण्याच्या जागेपाशी बसवले. सहाला बक्षीससमारंभ सुरू झाला. सात झाले, आठ झाले. मुख्य साहेबांची गाडी महामार्गावर अडकलेली; ते आल्यावर पुन्हा स्वागत, पुन्हा हार. त्या मंडळींना कोणी चहा विचारला नाही. नाच झाल्यावर जेवण द्यायचे असे ठरलेले म्हणे. पावणेदहाला व्यवस्थापकाच्या लक्षात आले, की आता वेळ उरली नाही. तो मांडवामागे आला आणि म्हणाला, “राहू द्या आज. उद्या सकाळी नाश्त्याच्या वेळी नाचा. आणि आज काही झालं नाही, तेव्हा निम्मेच पैसे.”

तारपा वाजवणारे म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी वाद्य कापडात गुंडाळले आणि शांतपणे सांगितले, की त्यांच्या बापाला सावकाराच्या वाड्यावर असेच बसवून ठेवत. त्याला वेठ म्हणत. एवढे बोलून ते उठले आणि मागोमाग सगळी मंडळी उठली. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

व्यवस्थापकाला ते काय म्हणाले हे समजलेच नाही. समजावे कसे? आपण ‘वेठीला धरणे’ हा शब्द फक्त बोलण्यात वापरतो. रेल्वेच्या संपाने प्रवाशांना वेठीला धरले वगैरे. डहाणू-तलासरीत तो शब्द अंगावर काढलेला आहे. जमीनदाराने निरोप धाडला, की हातातले काम टाकून जायचे, राबायचे, आणि मोबदल्याचे नाव काढायचे नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको आयुष्यभर शेताच्या मालकाकडे गडी म्हणून राहत; त्यांना लग्नगडी म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिला या भागातले मूठभर वारली गेले. त्याच वर्षी मे महिन्यात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. या परिसरात मेळावा भरवणाऱ्याने हॉटेलांच्या यादीआधी ते वाचावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तारपा हा काही मध्यंतरातला विरंगुळा नव्हे. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचे ते वाद्य. ते वाजते भात तयार होण्याच्या सुमारास, दिवाळीच्या आगेमागे. त्या दिवसांत पाड्यांवरून रात्र-रात्र ऐकू येते. वाजवणारा मध्ये चालतो, नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते, आणि तो सूर बदलील तशी पावले बदलतात. म्हणजे नाच किती वेळ चालावा हे तारपेकरी ठरवतो. ‘सात मिनिटांत बसवा’ अशी आज्ञा त्याला करणे म्हणजे कीर्तनकाराला आख्यान तेवढे गाळायला सांगणे.

वारली चित्रांचेही तेच. लाल मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नाचा चौक लिहितात. त्यात पालघाट देवी असते, आणि तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. तो चौक काढून त्यात देवीच्या जागी कंपनीचे बोधचिन्ह घालून द्या, अशी मागणी झालेली मी ऐकली आहे. ज्या चित्रकार मुलीकडे मागणी झाली, तिने नम्रपणे सांगितले, की झाड काढून देते, मोर काढून देते, देव हलवत नाही.

सगळेच असे असतात असे नव्हे. गेल्या काही वर्षांतला एक मेळावा आठवतो. त्या कंपनीच्या कार्मिक विभागातल्या बाई तारीख ठरवण्याआधी आल्या, तीन आठवडे आधी. पाड्यावर स्वतः गेल्या, ओटीवर बसल्या. त्यांना शनिवार हवा होता. पाड्यावरच्या मंडळींनी सांगितले, की भाताची कापणी चालू आहे, झोडणी व्हायची आहे. त्यानंतरचा शनिवार चालेल. बाईंनी तारीख पुढे ढकलली आणि मुंबईला फोन करून तीन साहेबांची बोलणी खाल्ली. पैसे दलालाच्या हाती न देता मंडळींच्या हाती दिले, निम्मे आगाऊ. जेवण नाचाआधी, पाहुण्यांच्याच पंगतीत. आणि मंडळींची एक अट होती, ती त्यांनी मान्य केली: आधी तारपा, मग भाषणे.

अंधार पडला तेव्हा तारपा सुरू झाला. पहिल्यांदा मुले साखळीत शिरली, मग त्यांच्या आया, मग हिशेब खात्यातले दोघे, आणि शेवटी चपला काढून स्वतः मुख्य साहेब. त्या रात्री भाषणांची पाळी आलीच नाही. ती दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये, मनोरच्या पुढे वाहतूक अडकली असताना झाली.