विद्युद्दाबाचें खरें मोजमाप

घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, हें आतां शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. परंतु हा आंकडा नेमका कशाचा, असें कोणी विचारलें तर भलेभले गप्प बसतात. कारण घरीं येणारा प्रत्यावर्ती दाब क्षणभरहि स्थिर नसतो. सेकंदाला ५० आवर्तनें करीत तो शून्यापासून ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो, खालीं उतरतो, उलट दिशेनें तितकाच वाढतो आणि पुन्हां शून्यावर येतो. या चढउताराची साधी सरासरी काढली, तर एक बाजू दुसरीला खोडून टाकते व उत्तर शून्य येतें. मग २३० हा आंकडा आला कोठून?

त्याचें उत्तर उष्णतेंत आहे. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४० च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. म्हणून बदलत्या दाबाचें खरें सामर्थ्य ठरविण्यासाठीं क्षणाक्षणाच्या दाबाचा वर्ग करावयाचा, त्या वर्गांची सरासरी काढावयाची आणि त्या सरासरीचें वर्गमूळ घ्यावयाचें, अशी रीत पडली. यालाच इंग्रजी आद्याक्षरांवरून आर. एम. एस. मूल्य म्हणतात. प्रत्यावर्ती दाब २३० व्होल्ट आहे याचा अर्थ एवढाच कीं, शेगडीच्या तारेंत तो २३० व्होल्टांच्या एकदिश दाबाइतकीच उष्णता उत्पन्न करतो.

आतां प्रश्न असा कीं, हातांत मावणारें मापक हें वर्गांचें गणित करतें कसें? मौज अशी कीं, स्वस्त मापकें तें मुळींच करीत नाहींत. डोनाल्ड मॅकॅडी या ब्रिटिश टपालखात्यांतील अभियंत्याच्या कल्पनेंतून १९२३ सालीं अ‍ॅव्होमीटर निघाला. तेव्हांपासून दाब, प्रवाह व रोध एकाच पेटींत मोजणारीं मापकें लोकप्रिय झालीं. अशा मापकांतील फिरतें वेटोळें सरासरी प्रवाहालाच दाद देतें. म्हणून प्रत्यावर्ती दाब प्रथम एकाच दिशेचा करून घेतात, त्याची सरासरी काढतात, आणि ती १.११ पटीनें वाढवून पट्टीवर दाखवितात. घरच्या दाबाची अशी सरासरी २०७ येते, तिला १.११ नें गुणिलें कीं २३० मिळतात. आजचीं स्वस्त अंकदर्शक मल्टिमीटरेंहि हीच युक्ति वापरतात.

युक्ति सोपी आहे, परंतु ती एका अटीवर उभी आहे. लहर शुद्ध ज्यावक्राची, म्हणजे सम व गोलसर चढउताराची असली पाहिजे. १.११ हा गुणक त्याच आकारापुरता खरा असतो. लहर चौरस असेल, तर हेंच मापक २३० च्या जागीं २५५ दाखवितें. दिवा मंद करणाऱ्या नियंत्रकाचें उदाहरण याहून बोलकें आहे. हा नियंत्रक प्रत्येक अर्ध्या लहरीचा पहिला निम्मा भाग कापून टाकतो, असें धरूं. सरासरी निम्मी होते, म्हणून साधें मापक ११५ व्होल्ट दाखवितें. वर्गांची सरासरीहि निम्मी होते. परंतु तिचें वर्गमूळ घेतल्यावर खरा दाब १६३ व्होल्ट निघतो. म्हणजे त्या दाबाखालीं शेगडीची तार मापकाच्या सांगण्याच्या दुप्पट उष्णता देत असते, आणि मापक मात्र निर्विकारपणें ११५ दाखवीत राहतें.

अशा वेळीं खरें आर. एम. एस. मूल्य दाखविणारें मापक लागतें, आणि त्याच्या तऱ्हा अनेक आहेत. जुन्या वीजफलकांवरील लोहमापकांत वेटोळेंच लोखंडाला चुंबक बनवितें आणि वेटोळेंच त्याला ढकलतें; म्हणून कांट्यावरील जोर प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, व वर्गाचें काम निसर्गच करतो. मात्र लहरीचीं आवर्तनें फार वाढलीं, तर तें चुकूं लागतें. दुसरी तऱ्हा उष्णतेचीच. अज्ञात प्रत्यावर्ती दाबानें एक बारीक तार तापवावयाची आणि ज्ञात एकदिश दाबानें तितकीच उष्णता मिळवावयाची. मग तो ज्ञात दाब हेंच उत्तर. व्याख्येला इतकी चिकटून राहणारी ही रीत अचूक आहे, आणि मोठ्या मापनप्रयोगशाळांत तिचा मान अजून टिकून आहे. परंतु ती संथ आहे, आणि दाब अधिक झाला तर ती नाजूक तार जळून जाते.

१९७० च्या दशकांत तिसरी तऱ्हा लहानशा सिलिकॉन-चकतीवर आली. ट्रान्झिस्टरवरील दाब हा त्यांतील प्रवाहाच्या लॉगरिथमच्या प्रमाणांत बदलतो. आणि लॉगरिथम दुप्पट केला कीं मूळ संख्येचा वर्ग होतो, हें गणितांतील जुनेंच सूत्र. या गुणामुळें हातांत धरावयाच्या मापकांतहि वर्ग व वर्गमूळ साधूं लागलें. चौथी तऱ्हा सर्वस्वी आंकड्यांची. मापक लहरीचे सेकंदाला हजारों नमुने टिपतें, प्रत्येकाचा वर्ग करतें, सरासरी काढतें आणि वर्गमूळ घेतें.

तरीहि मापकावर ‘ट्रू आर. एम. एस.’ अशीं अक्षरें छापलेलीं असलीं कीं काम संपलें, असें नाहीं. संगणकांचे व एल. ई. डी. दिव्यांचे वीजपुरवठे प्रवाह सलग न घेतां ठोक्याठोक्यानें घेतात. अशा तारेंत दर अर्ध्या लहरीच्या फक्त चवथ्या भागांत २० अँपियर वाहतात, असें समजूं. खरें आर. एम. एस. मूल्य १० अँपियर होतें. सरासरीवर चालणारें मापक साडेपांचच दाखवितें. म्हणजे तार त्याच्या हिशेबापेक्षां तिपटीहून अधिक तापते. याच आंकड्यावर विसंबून कारागिरानें आणखी चार यंत्रें त्याच तारेवर जोडलीं, तर तिचें वेष्टन करपून आग लागण्यास उशीर लागत नाहीं. खऱ्या मापकालाहि ठोक्यांच्या उंचीची मर्यादा असते. शिखर हें आर. एम. एस. मूल्याच्या किती पटींपर्यंत चालतें, तें माहितीपत्रकांत दिलेलें असतें. ठोके त्याहून उंच असले, तर मोजमापाचा भरंवसा राहत नाहीं.

दुसरी मर्यादा एकदिश अंशाची. कित्येक मापकें हा अंश आरंभींच अडवितात. घरच्या लहरीचें एक अर्धें सबंध कापलें, तर खरा दाब १६३ व्होल्ट असतां अशीं मापकें १२५ च दाखवितात. उरलेला अंश एकदिश १०४ व्होल्टांचा असतो. दोहोंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलें, कीं हिशेब जुळतो.

घरच्या भिंतींतील दाब पाहण्यापुरतें साधें मापक पुरतें, कारण तेथें लहर बरीचशी शुद्ध असते आणि दोन्हीं मापकें जवळजवळ एकच आंकडा देतात. साध्या मापकाची उणीव ध्यानांत येत नाहीं, ती याच कारणानें. परंतु नियंत्रक, इन्व्हर्टर वा संगणकांची रांग जेथें असेल, तेथें कारागिराच्या हातांतील मापक कोणत्या जातीचें आहे, हें आधीं विचारून घेणें शहाणपणाचें. नुसता आंकडा पाहून तारेच्या जाडीचा किंवा फ्यूजचा निर्णय करूं नये.