नदी कशाला म्हणावे? विनयाचे माप आणि वऱ्हाडातील नद्या

पावसाळा सरल्यावर मोर्णेचे आटलेले पात्र पाहून 'ही कसली नदी, हा तर नाला', असे उद्गार अकोल्यात सहज निघतात. हा शब्द रास्त आहे काय, याचा विचार पालि वाङ्मयाच्या आधारे करण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्णा ही या खोऱ्याची मुख्य नदी. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावून ती अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून वाहत जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीस मिळते. गाविलगडच्या बाजूने चंद्रभागा व शहानूर, तर दक्षिणेच्या डोंगराळ भागातून उमा, काटेपूर्णा, मोर्णा व मन यांचे पाणी तिला येते. या नद्यांचा मुख्य आधार मोसमी पाऊस. 'भरलेली' असा नावाचा अर्थ असणारी पूर्णाही उन्हाळ्यात रोडावते. शिवाय याच नावाची एक नदी मराठवाड्यात गोदावरीस मिळते, तर दुसरी गुजरातेत नवसारीजवळून समुद्रास जाते. वऱ्हाडच्या पूर्णेस पुराणांतील पयोष्णी मानण्याचीही परंपरा आहे. नदीची थोरवी तिच्या वंशावळीत शोधण्याचाच हा प्रकार होय.

पालि सुत्तांत गंगा, यमुना, अचिरवती, सरभू व मही या पाच महानद्या येतात. त्यांत वऱ्हाडची एकही नाही. परंतु विनयाची दृष्टी निराळी आहे. संघकर्मासाठी सीमा बांधताना जी आठ निमित्ते, म्हणजे सीमेच्या खुणा, सांगितली आहेत, त्यांत नदी आहे. मग नदी कोणती? आचार्य बुद्धघोषांची 'समन्तपासादिका' ही विनय-अट्ठकथा उत्तर देते: नियमित पाऊस पडत असूनही ढग पांगताच जिची धार तुटते, ती नदी नव्हे, पावसाळ्याचे चार महिने जिची धार तुटत नाही आणि जी ओलांडताना भिक्खुनीचे अंतरवस्त्र भिजते, ती नदी. बारमाही वाहण्याची अट येथे नाही. उगम, कीर्ती, पावित्र्य यांची विचारणाही नाही. पाहावयाचे ते केवळ प्रत्यक्ष वाहणे.

या मापाने चांगल्या पावसाळ्यात चार महिने अखंड वाहणारी मोर्णा नदीच ठरते. हा वाद केवळ शब्दाचा नाही. एकदा 'नाला' म्हटले की सांडपाणी सोडण्यास संकोच उरत नाही. जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकरांनी मोर्णेच्या पात्रात श्रमदान केले, तेव्हा त्यांनी नकळत विनयाचाच निर्णय मान्य केला.

मोर्णा पूर्णेत, पूर्णा तापीत आणि तापी सागरात आपले नाव सोडते. महानद्या सागरास मिळताच पूर्वीचे नाव व गोत्र टाकतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात येऊन टाकतात, असे तथागतांनी सांगितले. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनीही हीच उपमा घेतली होती. नद्यांमध्येही कुलीन-अकुलीन असा भेद न मानणे, हे त्या उपमेशी सुसंगतच आहे.